पऱ्हाटीचं झाड, कवडीचा बर्फ



डिसेंबर लागला की यवतमाळच्या दुकानांबाहेर प्लास्टिकची हिरवी झाडं मांडलेली दिसतात. काही वीतभर, काही कमरेइतकी, एखादं पुरुषभर उंच. शेजारी चमकीच्या माळा, लाल चेंडू आणि पिशवीत भरलेला पांढरा भुगा. हा भुगा म्हणजे बर्फ. आता मला सांगा, ज्या जिल्ह्यात या दिवसांत ओसरीवर कापसाची गंजी लागलेली असते, घरात पाय ठेवायला जागा नसते, तिथल्या माणसानं पैसे मोजून बर्फ आणायचा?

मी दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबची. उभी नोकरी प्राथमिक शाळेत झाली. गणित, भाषा सगळंच शिकवलं, पण जीव रमला तो कार्यानुभवाच्या तासाला. म्हणून आज नाताळाच्या घरगुती सजावटीवर आणि खाऊवर बोलायला बसले आहे.

नाताळ आपल्याकडे काल-परवा टीव्हीवरून आलेला नाही. यवतमाळात फ्री मेथडिस्ट मिशनचं काम शंभर वर्षांहून जुनं आहे. उमरीचा ख्रिस्ती दवाखाना तर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांच्या ओळखीचा. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणाची मोठी संस्था 1953 मध्ये यवतमाळातच सुरू झाली. 1983 मध्ये ती पुण्याला गेली, तोवर तीस वर्षं देशभरातले विद्यार्थी इथे राहून शिकले. आणि मराठी ख्रिस्ती घरांत नाताळाला काय रांधतात? करंज्या, शंकरपाळे, चकल्या, शेव, चिवडा. दिवाळीचाच फराळ, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा. केक असतोच, पण तो ताटात करंजीच्या शेजारी बसतो. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ती भजनं लिहिली ती अभंग-ओवीच्या वळणाची. स्वयंपाकघरात बायकांनी तेच केलं, त्याचा गाजावाजा झाला नाही इतकंच.

सजावटीत पहिला मान मी गव्हाणीला देते, झाडाचा नंबर नंतर. येशूचा जन्म झाला आणि बाळाला गव्हाणीत निजवलं, ही गोष्ट शेतकऱ्याच्या लेकराला समजावून सांगावी लागत नाही. गोठा त्यानं पाहिलेला असतो, गव्हाणीत कडबा टाकलेला असतो. इटलीतल्या ग्रेच्चो गावी 1223 साली संत फ्रान्सिसनं नाताळच्या रात्री खरा बैल, खरं गाढव आणि चारा आणून हा प्रसंग उभा केला. गव्हाणी मांडायची चाल तिथून पसरली असं मानतात.

आपल्याकडे ती धांड्यांची करावी. खरिपाच्या ज्वारीचा कडबा आता रचून ठेवलेला असतो. त्यातले बोटाएवढे जाड, सरळ धांडे निवडा. पेरं टाकून मधले तुकडे करा. वरची साल नखानं उकलली की लांब, चिवट पट्ट्या निघतात आणि आत पांढरा, हलका गाभा राहतो. गाभ्याचे तुकडे म्हणजे गोठ्याचे खांब आणि भिंती. सालीच्या पट्ट्या म्हणजे खिळे. पट्टीचं टोक तिरपं तोडलं की ती गाभ्यात अलगद घुसते आणि दोन तुकडे एकमेकांना धरून राहतात. डिंक नको, दोरा नको. गावातली पोट्टी याच धांड्यांच्या बैलगाड्या करत आली आहेत. त्यांना फक्त एवढं सांगायचं, यंदा गाडीऐवजी गोठा करा. साल मात्र बोट कापते, तेव्हा लहानांना ती मोठ्यांनी सोलून द्यावी. छपरावर पळसाची वाळकी पानं एकावर एक सरकवून टाका, छान दिसतात.

बैल विकत आणू नका. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी विदर्भात किती घरांत असतो. पोळा सरला की तो माळ्यावर जातो आणि पुढच्या पोळ्यापर्यंत धूळ खातो. त्याला खाली काढा, पुसा, गोठ्याशेजारी उभा करा आणि चाकं झाकतील इतका चारा पायाशी पसरा. मी एका घरी हे केलेलं पाहिलं, तेव्हा तिथली आजी म्हणाली, "चला, याले वर्षातून दोनदा काम लागलं."

माणसं आणि मेंढ्या मातीच्या. नदीकाठची चिकणमाती घ्या, खडे काढून मळा आणि सावलीत वाळवा. उन्हात ठेवली तर तडे जातात. रंगाला गेरू, चुना आणि काजळी पुरे. मेंढीच्या अंगावर ओल्या मातीतच कापूस दाबला की घडण कशीही झालेली असो, मेंढी ओळखू येते. पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांना जुन्या लुगड्याच्या काठाची वस्त्रं द्या. ते तीन होते की तेरा, हे बायबल सांगत नाही, आणि त्यांना राजेही म्हणत नाही. म्हणून मुकुटांच्या सोनेरी कागदावर खर्च केला नाही तरी चालतो. पोरांना मुकुट लागतोच म्हणा.

गव्हाणीभोवतीचं गवत खरं असावं. कोकणा-गोव्याकडे नाताळाआधी नाचणी नाहीतर गहू पेरून हिरवळ उगवतात. आपल्याला हे काम नवं नाही, घटस्थापनेला आपण तेच करतो. मूठभर गहू रात्रभर भिजवा. पसरट टोपलीत केळीचं पान अंथरून दोन बोटं माती घाला, वर गहू दाट पसरा आणि पुन्हा मातीचा पातळ थर द्या. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. कोंब वर आले की टोपली उजेडात हलवा, अंधारात अंकुर पिवळे पडतात. नवरात्रापेक्षा डिसेंबरात थंडी जास्त, उगवण सावकाश होते, म्हणून दहा-बारा दिवस आधी पेरलेलं बरं.

आता झाड. ही चाल मूळची जर्मनीकडची. 1848 मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र छापलं गेलं आणि इंग्लंडात घराघरांत झाड आलं. त्यांनी त्यांच्या रानात उगवणारं झाड घेतलं. आपल्याकडे बरेच जण सुरूची फांदी आणतात, तीही शोभते. पण माझी शिफारस पऱ्हाटीची. अंगणात सरपणाला रचलेल्या गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्यांतून एक चांगली फांद्याफुटवी निवडा, शक्यतो खाली रुंद, वर निमुळती. मुळाकडचा भाग माती भरलेल्या डब्यात ठोका. चुन्याची निवळी फिरवून वाळवली की ती पांढरट होते आणि उठून दिसते.

त्यावर बर्फ हवा तर कापूस आहेच. चांगला कापूस मात्र वाया घालवू नका, तो बाजारात जाऊ द्या. बोंडअळीनं खाल्लेल्या बोंडांतली पिवळट, चिकटलेली कवडी प्रत्येक घरात निघते आणि तिला भाव नसतो. तीच घ्या. सरकी काढा, बोटांनी पिंजून मोकळी करा, फांद्यांच्या बेचक्यांत अडकवा. ताजीच घ्या. फार दिवस साठलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, हे कापूस उत्पादकाला मी काय सांगावं! बोंडांची रिकामी टरफलंही टाकू नका. चार-पाच पाकळ्यांचं लाकडी फूलच असतं ते. झटकून, सोनेरी रंगाचा हात फिरवून दोऱ्यानं टांगा. बेथलेहेमच्या त्या रात्री बर्फ पडत होता असं कुठे लिहिलेलं नाही, तो युरोपातल्या चित्रांतून आला. तेव्हा आपला बर्फ थोडा पिवळट असला म्हणून बिघडत नाही.

दोन सूचना गांभीर्यानं घ्या. कापसाजवळ मेणबत्ती लावायची नाही आणि तापणारा दिवा टेकवायचा नाही, कापूस भसकन पेटतो. आणि सण झाला की पऱ्हाटी आणि टरफलं थेट चुलीत घाला. गुलाबी बोंडअळी तिथेच दडून बसते, तिला पुढच्या हंगामापर्यंत घरात मुक्काम देऊ नका. थर्माकोलचं म्हणाल, तर सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, त्यामुळे त्याची चर्चाच नको.

चांदणी ही दिवाळीच्या आकाशकंदिलाची सख्खी बहीण. बुरडाकडून दीड-दोन फुटांच्या एकसारख्या दहा कामट्या आणा. पाच कामट्यांची, एकमेकींच्या वरून-खालून काढत, पाच टोकांची चांदणी बांधा. तशीच दुसरी. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाची टोकं दोऱ्यानं आवळा. मग मधल्या पाच फुल्यांपाशी दोन्ही चांदण्यांच्या मध्ये चार-चार बोटांच्या कामट्यांचे तुकडे आडवे खुपसा. चांदणी पोट फुगवून उभी राहते. हा क्षण वर्गात आला की मागच्या बाकावरची पोरंही पुढे यायची. पतंगाचा कागद खळीनं चिकटवा. खळ मैद्याची करा, आणि चांदणी पुढच्या वर्षी वापरायची असेल तर तीत चिमूटभर मोरचूद घाला, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी आहे, ते काम मोठ्यांचं, आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकात नको. आत एलईडीचा छोटा दिवा लावा.

खाऊकडे येते. करंजी-चकली तुम्हाला शिकवणारी मी कोण? कुलकुल मात्र इकडे कमी घरांत करतात. मैदा, थोडा रवा, साखर, लोण्याचं मोहन, दूध घालून घट्ट मळायचं. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर नाहीतर कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळली की रेघारेघांचा शिंपला तयार. मंद तळायचे, पाकात घोळवायचे. पोरांना कामाला लावायला यासारखा पदार्थ नाही.

केकचं थोडं विस्तारानं सांगते. त्यातला महागडा माल आपल्या दारात आहे. आंबिया बहाराची संत्री नाताळाच्या सुमाराला उतरलेली असतात आणि आपण सालं फेकून देतो. चार संत्र्यांची सालं घ्या. आतला पांढरा भाग चमच्यानं खरवडा, सालीच्या बारीक काड्या करा, पाच मिनिटं उकळून पाणी फेका. असं तीनदा करा, कडवटपणा जातो. मग काड्यांच्या वजनाइतकी साखर आणि थोडं पाणी घालून पाक आटेपर्यंत शिजवा आणि ताटात मोकळ्या करून वाळवा. टूटी-फ्रूटी तर कच्च्या पपईचीच असते. चौकोनी फोडी उकडून, पाकात रात्रभर मुरवून, वाळवून घरी होते. मनुका आणि खजूर संत्र्याच्या रसात रात्रभर भिजवा. रम नसली तरी केकचं काही अडत नाही.

काळसर रंग येतो तो जळक्या साखरेनं. जाड बुडाच्या कढईत अर्धी वाटी साखर पाण्याशिवाय तापवा. ती आधी सोनेरी होते, मग तांबूस, मग दाट तपकिरी. धूर येऊ लागला की गॅस बंद करा आणि अर्धी वाटी उकळतं पाणी लांबून ओता. कढई जोरात फुसफुसते, तोंड वाकवून बघू नका. दोन वाट्या मैद्याला एक वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी लोणी, तीन अंडी, दीड चमचा बेकिंग पावडर, लवंग-दालचिनी-जायफळाची पूड, हे गार झालेलं साखरेचं पाणी आणि वरचा सगळा मेवा. अंडी खात नसाल तर वाटीभर दही आणि पाव चमचा सोडा.

भट्टी नाही म्हणून अडू नका. कुकरची रिंग आणि शिट्टी काढा, तळाशी वाटीभर मीठ पसरा, वर तिवई ठेवा, दहा मिनिटं तापवा. डबा आत ठेवून मंद आचेवर पाऊण तास. काडी खुपसली आणि कोरडी निघाली की झाला. चुलीवर करायचा तर पातेल्यात चाळलेली वाळू आणि झाकणावर निखारे. चुलीवरच्या केकला मी झुकतं माप देते, त्याला वरून येणारा खरपूसपणा कुकरात मिळत नाही.

केक त्याच दिवशी कापू नका, दोन दिवस मुरू द्या. ताट शेजारी पाठवायचं असेल तर त्यात करंजी, कुलकुल आणि केक तिन्ही ठेवा, आणि ज्या घरातून दिवाळीचं ताट आलं होतं तिथे आधी पाठवा.

तेव्हा श्रोतेहो, संत्र्याची सालं आजपासून राखून ठेवा. गहू 12 तारखेच्या रात्री भिजत घाला आणि 13 ला पेरा, म्हणजे नाताळाला टोपली हिरवी होईल.