गॅरेजचे तोंड कुणीकडे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा चिटणीसबाईंनी मला धरले आणि म्हणाल्या, "तुम्ही नवे घर बांधलेत, त्याबद्दल चार शब्द सांगा." माझे शिक्षण सातवीपर्यंत. घराचा नकाशा समोर ठेवला तर वरची बाजू कोणती हेसुद्धा मला विचारावे लागते. म्हणून आधी मी नाहीच म्हणत होते. पण घर बांधताना एकाच गोष्टीसाठी मी घरात भांडले, आणि ती गोष्ट मला चांगली पाठ आहे. ती म्हणजे गॅरेजचे तोंड.

आमची जागा पाच गुंठे. रस्त्याच्या अंगाला 55 फूट आणि आत 99 फूट. रस्ता पूर्वेला. इंजिनिअरांनी पहिला नकाशा आणला त्यात गॅरेज अगदी पुढे होते, शटर रस्त्याकडे. फाटक उघडले की गाडी सरळ आत. ह्यांना ते पसंत पडले, भाऊजींनाही पडले. सासूबाईंनी चष्मा लावून कागद पाहिला आणि विचारले, "ओटा कुठाय?" ओटा एका कोपऱ्यात हातभर होता. तुळशीला जागाच नव्हती. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार ते शटर. सासूबाई म्हणाल्या, "हे घर आहे की दुकान?"

सगळे हसले. मी चहाचे कप उचलत होते. मला हसू आले नाही, त्याचे कारण वेगळे होते.

आम्ही पूर्वी भाड्याच्या घरात राहत होतो. तिथे गाडी अशीच दाराशी सरळ लागायची आणि सकाळी मागे मागे घेत रस्त्यावर काढावी लागायची. आमचा धाकटा तेव्हा तीन वर्षांचा. वडिलांना टाटा करायला तो माझा हात सोडून धावला, तो गाडीच्या बरोबर मागे. एवढेसे पोर आरशात दिसत नाही. समोरून दूधवाल्या मावशी येत होत्या, त्यांनी किंकाळी फोडली म्हणून ह्यांनी ब्रेक दाबला. पोराच्या हातातली प्लॅस्टिकची गाडी चाकाखाली चुरली. चाक आणि पोर यांत वीतभर अंतर होते. त्या दिवशी ते कामावर गेले नाहीत, आणि आम्ही दोघेही त्याबद्दल पुन्हा कधी बोललो नाही. नकाशा पाहिला त्या दिवशी मी बोलले.

मी म्हटले, गाडी फाटकातून आत येऊ दे, घराच्या कडेने मागे जाऊ दे, आणि बाजूने गॅरेजमध्ये शिरू दे. निघताना जे काही मागे घ्यायचे ते आपल्या आवारात. रस्त्यावर जाताना गाडीचे तोंड पुढे पाहिजे. इंजिनिअर म्हणाले, "वहिनी, ह्याला साइड एंट्री म्हणतात. चांगली असते, पण जागा खाते." हे म्हणाले, "आणि रोज दोन वेळा ती कसरत कोण करणार?" दोघांचेही बोलणे खरे होते, हे मी आज कबूल करते.

कुणी म्हणेल, आता नव्या मोटारींना मागे सेन्सर असतात. खरे आहे, 1 जुलै 2019 पासून ते सक्तीचे झाले. पण आमची गाडी त्याआधीची, तीही दुसऱ्याकडून घेतलेली. आणि सेन्सर वाजला तरी ब्रेकवर पाय माणसालाच ठेवावा लागतो.

आता जागेचे सांगते. फाटकापासून मागे नेणारी वाट घराच्या उत्तरेला 11 फूट ठेवली, म्हणजे गाडी उभी असताना दार उघडून माणूस उतरू शकतो. मागे गॅरेजचे शटर उत्तरेकडे. शटरपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत इंजिनिअरांनी 16 फूट सोडले होते. कागदावर गाडी छान वळत होती. पण पाया खणण्याआधी जमिनीवर फक्की मारतात ना, त्या दिवशी मी मुकादमांना म्हटले, गॅरेजच्या भिंतींच्या जागी विटा रचा आणि आमची गाडी आणून दाखवा. ते हसले, पण रचल्या.

आमची गाडी लहान, चार मीटरच्या आतली, म्हणजे जेमतेम 13 फूट. तरी तिला आत शिरायला चार वेळा मागेपुढे व्हावे लागले आणि कोपऱ्याच्या विटा पडल्या. लहान मोटारीलाही वळायला पंधरा-सोळा फुटांच्या त्रिज्येचा फेरा लागतो, हे मला तेव्हा कळले. मग विटा सरकवत सरकवत 22 फुटांवर आलो. तिथे ती एका दमात आत गेली. सगळे खूश. मी म्हटले, "आता बाहेर काढून दाखवा." बाहेर काढताना गाडीची शेपूट पश्चिमेला फिरली ती थेट बोअरच्या पाइपाशी! मग गॅरेज सहा फूट पुढे, रस्त्याच्या दिशेने घेतले. पाया भरल्यावर हे कळले असते तर काय केले असते?

पण वळायचे ते जादा सहा फूट कुठून आले, हे कुणी विचारले नाही. ते माझ्या कोठीतून आले. गॅरेजच्या पाठीला दहा फुटांची कोठीची खोली काढली होती, ती चार फुटांची झाली. वर्षाचा गहू, ज्वारी, पापडाचे डबे, लोणच्याच्या बरण्या यांची जागा मी मनात लावूनसुद्धा ठेवली होती. आता बरण्या जिन्याखाली आहेत आणि गहू महिन्याचा महिन्याला आणते. नाही म्हटले तरी वाईट वाटते.

बाकी दोन गोष्टी फार वेळ न घेता सांगते. गॅरेजमधून घरात दार ठेवलेले नाही. गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो, त्याला रंग नाही की वास नाही, म्हणून बंद जागेत गाडी चालू ठेवायची नाही आणि भिंतीला वर-खाली जाळी हवी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते, म्हणून गॅरेजची जमीन घरापेक्षा सहा इंच खाली घेतली. आणि शटर उत्तरेला असल्याने आमच्याकडचा पश्चिमेचा झोडपणारा पाऊस आत येत नाही. हे मात्र आपोआप झाले, त्यात माझे शहाणपण नाही.

आता तोटेही ऐका. एवढ्या आवाराला पेव्हर ब्लॉक घालायचा खर्च ह्यांच्या अंदाजाबाहेर गेला. माझी भाजीची वाफे करायची जागा गेली. पाहुण्यांनी वाटेत स्कूटर लावली की आमची गाडी अडकते. आणि सर्वांत मोठी चूक माझी. रस्त्यावरचा धोका टाळला, पण तो आवारात आणला. फरसबंदी मोकळी दिसली की जाऊबाईंची मुले तिथेच चेंडू खेळू लागली. तेव्हा ओट्याच्या बाजूला कमरेइतके लोखंडी दार बसवून घेतले. गाडी निघायच्या आधी ते लावायचे, मुले दाराच्या अलीकडे. हे दार नकाशातच असायला हवे होते. नंतर बसवले म्हणून फरशी फोडावी लागली.

ओटा मात्र पुढे झाला, चांगला बारा फूट लांब, आणि त्याच्यासमोर तुळस. सासूबाई सकाळी तिथे भाजी निवडत बसतात. गाडी कडेने येते, फाटकाशी थांबते, हे काच खाली करून "आई, येतो" म्हणतात. सासूबाई मान वर न करता विचारतात, "दार लावलंय का मागचं?"

ज्यांची घरे व्हायची आहेत त्यांनी फक्कीच्या दिवशी मला जरूर बोलवावे, मी विटा रचायला येईन.