दात आणि वाणी



दात पडणे हा वार्धक्याचा अटळ भोग आहे, असे आपण मानत आलो. वस्तुतः केवळ वयामुळे दात पडत नाहीत. ते बहुधा कीड आणि हिरड्यांचे विकार यांमुळे जातात. तंबाखू व मशेरी या विकारांना हातभारच लावतात.

पडलेल्या दाताची जागा मोकळी राहिली, की शेजारचे दात तिकडे कलतात, समोरचा दात लांबतो आणि जबड्याचे हाड झिजत जाते. म्हणून कवळी, शेजारच्या दातांच्या आधाराचा ब्रिज, किंवा हाडात टायटॅनियमचा खुंट रोवून बसविलेला दात, यांपैकी योग्य तो उपाय दंतवैद्याच्या सल्ल्याने वेळीच करावा. हा खुंट स्वीडनमध्ये डॉ. ब्रॅनेमार्क यांनी १९६५ साली प्रथम रुग्णावर योजिला. नवी कवळी आरंभी टोचते. ती कपाटात न टाकता दंतवैद्याकडून नीट करून घ्यावी. रात्री ती काढून पाण्यात ठेवावी.

आम्हां दिल्लीकरांस याचे आणखी एक महत्त्व वाटते. दात गेले की त, थ, द, ध हे दंत्य वर्ण सैल पडतात. 'चूल'मधील 'च' आणि 'जाते'मधील 'ज' हे तर हिंदीत नाहीतच. राजधानीत वाढणाऱ्या आमच्या नातवंडांच्या कानी ते पडतात, ते प्रायः आजीआजोबांच्या मुखातूनच. तेव्हा वडीलधारी मंडळी "आता या वयात कशाला?" म्हणू लागली, तर त्यांचे एवढे मात्र ऐकू नये!