दोन्ही मूत्रपिंडांतील मोठे खडे : भीती सोडा, उपचार पुरा करा
(पेण व रोहा तालुक्यांतील धम्मबांधवांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आरोग्यावर दोन शब्द बोलण्याची कामगिरी आज आमच्यावर सोपविण्यात आली आहे. आम्ही डॉक्टर नाही. परंतु समाजकार्याच्या निमित्ताने रुग्णांबरोबर इस्पितळांच्या पायऱ्या चढताना जे पाहिले आणि डॉक्टरांकडून जे समजून घेतले, तेवढेच आपल्यापुढे ठेवीत आहोत. विषय आहे मुतखड्याचा. त्यातही दोन्ही मूत्रपिंडांत वाढलेल्या मोठ्या खड्यांचा.

मुतखडा म्हटला की आपल्याकडे कुळथाचे कढण आणि पानफुटीची पाने आठवतात. चार-पाच मिलिमीटरचा खडा पुष्कळदा आपोआप लघवीवाटे पडून जातो आणि श्रेय पाल्याला मिळते. मोठ्या खड्याची गोष्ट निराळी आहे. तो मूत्रपिंडाच्या पोकळीतच वाढतो, कधी हरणाच्या शिंगासारख्या फांद्या फुटून सगळी पोकळी व्यापतो. जागेवरून हलत नाही म्हणून कळाही फारशा येत नाहीत. नुसती कंबर भरून येते, लघवीला जळजळ होते, अधूनमधून ताप येतो. दुखणे थांबले म्हणजे खडा गेला, हा समज म्हणूनच घातक आहे. एक मूत्रपिंड बिघडले तर दुसरे काम निभावून नेते. दोन्हींत खडे असले तर निभावणारे कोणी उरत नाही. लघवी तुंबते, मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात आणि कर्त्या माणसाला आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिसला जावे लागते. लघवी बंद झाली, किंवा खड्याच्या रुग्णाला थंडी वाजून ताप भरला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. अशा वेळी डॉक्टर आधी नळी घालून तुंबलेली लघवी मोकळी करतात. खड्याचा विचार नंतर होतो.

आता शस्त्रक्रियेविषयी. पूर्वी कुशीत मोठा छेद घेऊन मूत्रपिंड उघडावे लागे. १९७६ साली स्वीडनमधील डॉक्टरांनी पाठीतून लहानसा मार्ग करून खडा काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९८० साली जर्मनीतील म्युनिक येथे शरीराबाहेरून ध्वनिलहरींचे आघात देऊन खडा फोडण्यास सुरुवात झाली. लहान खड्यांना ही दुसरी पद्धत चालते. दोन सेंटिमीटरहून मोठ्या खड्यांसाठी मात्र सामान्यतः पाठीतून दुर्बिणीची शस्त्रक्रिया करतात. रुग्णाला भूल देऊन, क्ष-किरणांच्या किंवा सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पाठीतून मूत्रपिंडात सुई नेतात, तो मार्ग थोडा रुंद करतात, दुर्बीण आत घालतात आणि खडा फोडून तुकडे बाहेर काढतात. छेद साधारण एक सेंटिमीटरचा असतो. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग हे यातील मुख्य धोके आहेत. म्हणून आधी रक्त व लघवीच्या तपासण्या आणि सीटी स्कॅन करतात आणि लघवीत जंतू असल्यास औषध देऊन ते आटोक्यात आणतात.

दोन्ही बाजूंना मोठे खडे असले, तर बहुधा एका वेळी एक बाजू करतात आणि काही आठवड्यांनी दुसरी. निवडक रुग्णांत दोन्ही बाजू एकाच वेळीही करतात. आधी कोणती बाजू घ्यायची हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. आपली माणसे चुकतात ती इथेच. एक बाजू होते, बरे वाटते, तोवर भाताची लावणी येते, पेणच्या गणपती कारखान्यांचा हंगाम येतो, धाटावच्या कंपनीत रजा मिळत नाही, आणि दुसरी बाजू राहून जाते. त्याहून मोठी चूक म्हणजे आतली नळी विसरणे. शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक बारीक नळी ठेवतात, तिला स्टेंट म्हणतात. ती बाहेरून दिसत नाही. सांगितलेल्या मुदतीत ती काढली नाही, तर तिच्यावरच खडे जमतात आणि ती काढण्यासाठी नव्याने शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून इस्पितळातून निघतानाच नळी काढण्याची तारीख लिहून घ्यावी आणि ती घरातल्या कॅलेंडरवर नोंदवावी.

खर्चाची काळजी खरी आहे. आम्ही बँकेत कारकून आहोत. आजारपणासाठी मंगळसूत्र गहाण ठेवावयास आलेल्या भगिनी आम्ही काउंटरवर पाहतो. पुष्कळांना सरकारी योजनेची माहितीच नसते. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला रायगड होता. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०२४ पासून तिचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे आणि पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांनाही ती खुली आहे. मूत्ररोगावरील शस्त्रक्रियांचा तीत समावेश आहे. इस्पितळ योजनेतील असावे लागते आणि आधी मंजुरी घ्यावी लागते. तेव्हा दागिना काढण्यापूर्वी शिधापत्रिका आणि ओळखपत्र काढा व इस्पितळातील आरोग्यमित्राला भेटा.

खडा एकदा काढला तरी पुन्हा होऊ शकतो. काढलेल्या खड्याची तपासणी करून घ्यावी, म्हणजे पथ्य कळते. मीठ बेताचे असावे. दिवसाकाठी निदान दोन लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. मूत्रपिंड आधीच अशक्त असेल तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. आता खारेपाटातल्या टंचाईत, वीटभट्टीच्या धगीत, मिठागरावरच्या उन्हात हे पाणी आणावयाचे कोठून? कामाच्या जागी संडास नाही म्हणून आपल्या भगिनी दिवसभर पाण्याचा घोट टाळतात. याच जिल्ह्यातील महाडला २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून आपला हक्क बजावला. कामाच्या जागी पिण्याचे स्वच्छ पाणी आणि स्त्रियांसाठी संडास मागणे, हे त्या वारशाला धरूनच आहे.

शस्त्रक्रिया म्हणजे माणूस निकामी झाला, अशी भीती अजून आहे. भगवान बुद्धांचे वैद्य जीवक यांनी राजगृहाच्या श्रेष्ठीच्या मस्तकावर शस्त्रक्रिया केली, असे विनयपिटकात आहे. त्याच पिटकात, अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले आणि आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा, असे संघाला सांगितले, ही कथा आहे.

म्हणून प्रत्येक शाखेला आमची नम्र विनंती आहे. गावात असा रुग्ण असेल तर दोन तरुणांची नावे ठरवा. एकाने कागदपत्रे पाहावीत, दुसऱ्याने रुग्णाबरोबर जावे. रक्त लागले तर आपण द्यावे. आणि वहीत तीन तारखा लिहाव्यात : पहिल्या बाजूची, दुसऱ्या बाजूची आणि नळी काढण्याची. तिन्ही तारखांवर खूण झाल्याशिवाय त्या रुग्णाचे पान मिटू नये.

 जयभीम! नमो बुद्धाय!