चाकाला दगड, दांड्याला टेकू



आम्ही छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या बाया. राहतो शहरात, पण आमच्यात कुणाचं माहेर गेवराईकडचं, कुणाचं पैठणकडचं, कुणाचं सासर पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यातलं. दसरा झाला की तिकडून फोन येतात, "ट्रॉली भरली, निघालो." मग पाच-सहा महिने आमच्या बहिणी, भावजया सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या उसात असतात. ऊसतोडीच्या कष्टांवर आपण या कार्यक्रमात बऱ्याचदा बोललो. आज एवढंच बोलायचंय: तळावर पोचल्यावर ट्रॉली किंवा टायरगाडी उभी कशी करायची.

तुम्ही म्हणाल, यात काय बोलायचं? गाडी थांबली की उभीच आहे. नाही बायांनो, थांबलेली गाडी आणि नीट उभी केलेली गाडी यात फार फरक आहे. आपण पहाटेच फडात जातो. तळावर मागे राहतात ती लेकरं आणि त्यांना सांभाळणारी एखादी मोठी पोर. ती दिवसभर या गाडीच्या अवतीभवतीच खेळतात. म्हणून हे आपण शिकून घ्यायचं.

आधी जमिनीचं बघू. बालाघाटच्या डोंगराकडं आपली जमीन मुरमाड. तिथं गाडी कुठंही सोडा, चाक रुतत नाही. ती सवय घेऊन आपण नदीकाठच्या काळ्या रानात जातो. काळी माती ओली झाली की फुगते, मऊ पडते. वाळली की आक्रसते, भेगा पडतात. शेजारच्या उसाला पाणी सोडलं तरी आपल्या तळाखालची जमीन भिजते. संध्याकाळी सरळ असलेली गाडी सकाळी एका अंगाला कललेली दिसते ती यामुळं. म्हणून उंच, निचऱ्याची, घट्ट जागा बघायची. टाच जोरात दाबून बघा. टाच आत गेली तर चाकही जाणार. विहिरीच्या काठाला, कॅनॉलच्या भरावावर, विजेच्या तारांखाली आणि रस्त्याला लागून गाडी सोडायची नाही.

दुसरी गोष्ट उताराची. जुन्या लाकडी चाकाची गाडी जड चालायची, जागची हलायला बैल लागायचे. आताची टायरगाडी बेअरिंगवर फिरते. थोडासा उतार असला तर पोराच्या धक्क्यानंही निघते. उतार डोळ्याला कळत नाही, पाण्याला कळतो. ट्रॉलीच्या तळावर एक ताट ठेवा आणि त्यात थोडं पाणी ओता. पाणी ज्या बाजूला गोळा होईल ती बाजू खाली. गवंड्याची पाणसळ करते तेच काम आपलं ताट करतं.

आता क्रम सांगतो, तो उलटा करायचा नाही.

पहिलं, ट्रॅक्टर जोडलेला असतानाच डावी-उजवी बाजू सारखी करायची. जे चाक खाली आहे त्याच्यासमोर जाड, रुंद फळी ठेवायची आणि ड्रायव्हरला सांगायचं, हळूच चाक फळीवर घे. चाकाखाली भुसभुशीत माती लोटून उंची करायची नाही, ती रात्रीत दबते.

दुसरं, चाकांना दगड. दोन्ही बाजूंच्या चाकांना, पुढून आणि मागून, असे चार लागतात. गोल गोटा नको, तो निसटतो. चपटा, धारेचा दगड नाहीतर बाभळीची मोठी पाचर घ्या. विटेवर भरवसा नको, ओझ्यानं ती फुटते. चार चाकांच्या ट्रॉलीची पुढची चाकं दांड्याबरोबर वळतात, म्हणून तिथं मागच्या चाकांना आधी दगड लावायचे.

दगड लागल्यावरच तिसरं काम, पिन काढायची. आपल्याकडं घाईत आधी पिन निघते आणि मग दगड शोधायला माणूस पळतो. तेवढ्या वेळात गाडी निघते.

चौथं, पुढच्या दांड्याखालचा स्टँड. तो नुसत्या मातीवर टेकवू नका. ओल्या अंगणात खाटेचा पाय रुततो, पण खाली पाट घातला की रुतत नाही. तसाच स्टँडखाली फळीचा तुकडा घाला. स्टँड नसेल तर लाकडी ओंडक्यांचा टेकू करा. जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. नुसत्या जॅकवर गाडी रात्रभर सोडायची नाही.

ट्रॉली काही दिवस तळावरच राहणार असेल तर पाचवं काम, चारही कोपऱ्यांना टेकू. टेकू पत्र्याखाली नको, लोखंडी चौकटीखाली हवा. तो गच्च बसेल इतकाच ठोकायचा. गाडी उचलली जाईल इतका नाही. ओझं चाकांनीच वाहायचं, टेकूनं फक्त हलणं थांबवायचं. परदेशात लोक चाकावरची घरं गाडीमागं ओढत नेतात आणि महिनोन् महिने एका जागी राहतात. त्यांचाही क्रम हाच: आधी जागा, मग डावं-उजवं, मग चाकांना अडण, मग पुढचा टेकू आणि शेवटी कोपरे. घर पत्र्याचं असो की पाचटाचं, चाकाचा कायदा एकच.

आता सामान उतरवण्याचं. हे आम्ही ठेच लागून शिकलो. आमच्यातल्या एकीच्या टोळीची दोन चाकी ट्रॉली रात्री तळावर पोचली. ट्रॅक्टर सुटून गेला. स्वयंपाकाची घाई, म्हणून पुढं ठेवलेली भांडी, पिठाचा डबा, सरपण आधी उतरवलं. ज्वारीची पोती मागं होती. ती ढकलायला दोघी जणी मागच्या फळक्याकडं चढल्या आणि ट्रॉली उलाळ झाली. पुढचा दांडा वर, मागची बाजू खाली. एकीचा हात मोडला. पाण्याची टाकी जिथं पडली तिथं थोड्या वेळापूर्वी तिची मुलगी बसली होती. हात मोडलेला, म्हणून हंगामभर कोयता धरता आला नाही, आणि उचल मात्र अंगावर राहिली.

बैलगाडी उलाळ होते हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. दोन चाकी ट्रॉलीचंही तेच आहे. म्हणून सामान उतरेपर्यंत ट्रॅक्टर सोडू द्यायचा नाही. सोडलाच असेल तर मागचं सामान आधी, पुढचं शेवटी. आणि भरतानाच चहाचं, रात्रीच्या भाकरीचं गाठोडं वेगळं हाताशी ठेवायचं, म्हणजे पुढचं उपसायची वेळ येत नाही.

लेकरांसाठी तीन नियम. एक, झोळी गाडीला बांधायची नाही, ना दांडीला, ना खालच्या आसाला. झोळी झाडाला बांधा, नाहीतर जमिनीत पक्क्या रोवलेल्या मेढीला. दोन, गाडीखाली सावली असली तरी तिथं कुणी झोपायचं नाही. उचललेल्या ट्रॉलीखाली तर डोकंसुद्धा घालायचं नाही. तीन, कोपीच्या ताडपत्रीची दोरी गाडीला बांधायची नाही. गाडी उसाला जायची, दोरी विसरायची आणि कोपी ओढली जायची. तिच्यासाठी वेगळ्या खुंट्या ठोका, कोपीपासून बाहेर कललेल्या. चूल वाऱ्याच्या खालच्या अंगाला, पाचटापासून आणि टायरपासून लांब.

एकदा नीट उभी केली म्हणून काम संपत नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, दगड-टेकू बघायचे. टायरची हवा कमी झाली तरी गाडी कलते. पाऊस पडला तर लगेच बघायचं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये केवढी गारपीट झाली ते विसरू नका. तेव्हा हंगाम चालूच होता. कोपीभोवती आणि गाडीभोवती वीतभर खोल चर काढून ठेवला तर पाणी बाहेरच्या बाहेर जातं.

शेवटी एक मनातलं. तळाची जागा कोण ठरवतं? मुकादम, ड्रायव्हर, कारखान्याचा माणूस. आपण अंधारात पोचतो, जागा मिळेल तिथं पथारी टाकतो. पण कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीची, कष्ट जोडीचे, मग जागा ठरवताना अर्ध्या कोयत्याला का विचारू नये? उचल घेतानाच टोळीतल्या बायांनी मिळून मुकादमाला सांगायचं: "दादा, जागा उजेडी दाखवा, घट्ट असू द्या, आणि सामान उतरेपर्यंत ट्रॅक्टर थांबेल." एकटीनं म्हटलं तर बडबड ठरते. दहा जणींनी म्हटलं तर ती टोळीची अट होते. यात मुकादमाचा पैसाही जात नाही, फक्त तासभर जातो.

या दिवाळीआधी तुमच्या गटाच्या बैठकीत हे एकदा करून बघा. गावातलीच एखादी रिकामी ट्रॉली घ्या, ताटात पाणी ओता, दगड लावा, टेकू ठोका. हातानं केलेलं विसरत नाही. आणि निघताना भांड्यांच्या गाठोड्यात चार पाचरी आणि दोन फळ्या टाका. त्यांचं ओझं होत नाही.

प्रवास नीट होवो.