घर आजोबांचं, मीटर आजोबांचं, अनुदान कुणाचं?

(नागपूर जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



कापसाच्या भावावर बोलायचं सोडून हा माणूस आज घरावर काय बोलतो, असं तुम्हाला वाटेल. गेल्या उन्हाळ्यात बैठकांच्या निमित्तानं मी तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी जेवलो. बाहेर पारा ४५ च्या वर, टिनाखाली त्याहून वाईट. माय चुलीपुढे पऱ्हाटी जाळते, पंखा गरम हवाच फिरवतो, आणि बिल मात्र चढत जातं. जिथे गेलो तिथे एकच प्रश्न : "भाऊ, सोलरले सरकार पैसा देते म्हणते, आपल्याले भेटन काय?" त्याचं उत्तर द्यायला आज उभा आहे.

आधी मनातली अडचण काढू. आम्हाला भीक नको, असं सांगत आपण रस्त्यावर उतरलो. मग अनुदानाच्या रांगेत कसं उभं राहायचं? हिशेब मांडा. घरात २० क्विंटल कापूस आला आणि क्विंटलमागे ५०० रुपये कमी पडले, तर १०,००० रुपये गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उचललं, तेव्हा असाच हिशेब आपण घरोघर केला. हा १०,००० चा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. भाव मिळाला असता तर घर आपणच नीट केलं असतं. तेव्हा अनुदान घ्यायला लाज नको. फक्त ते घेऊन भावाची मागणी गुंडाळून ठेवू नका.

आता योजना. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं 'पीएम सूर्यघर' आणली. घराच्या छतावर सोलर बसवलं तर पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. जास्तीत जास्त ७८,०००. २०२५ मध्ये राज्यानं महावितरणमार्फत तिला 'स्मार्ट' योजनेची जोड दिली, ५ लाख घरांसाठी. एका किलोवॉटला दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकानं २,५०० रुपये भरायचे. महिन्याला १०० युनिटांपर्यंत वापर असलेल्यांत अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकानं ५,००० आणि सर्वसाधारण गटातल्यानं १०,०००. बघा, तोच आकडा आला! एक किलोवॉट दिवसाला सरासरी चारेक युनिट वीज देतो. छोट्या घराला तेवढी पुरते.

कागदावर हे चांगलं आहे. मग अडतं कुठे? जुन्या घरात अडतं.

माझंच सांगतो. आमच्या घराचं मीटर आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली, बिल मात्र अजून त्यांच्याच नावानं येतं आणि आम्ही मुकाट्यानं भरतो. अर्ज करायला गेलो तर पहिला प्रश्न, "हे कोण?" मी कृषी पदवीधर, दुसऱ्यांचे अर्ज भरून देणारा, आणि घरच्या मीटरपाशी अडलो. काका आणि चुलतभावांच्या सह्या गोळा करण्यात अख्खा हंगाम गेला. एका चुलतभावाला वाटलं, सही केली तर घरावरचा हक्क जातो. त्याची समजूत काढायला चार चकरा माराव्या लागल्या. त्याचाही दोष नाही. कोऱ्या कागदावरच्या सहीनं आपल्या लोकांची जमीन गेलेली आहे.

दुसरी अडचण छपराची. सडलेल्या नाटा-फाट्यांवर आणि कवेलूंवर पॅनल बसत नाही. लोखंडी सांगाडा उभारावा लागतो आणि त्याचा वाढीव खर्च आपल्या खिशातून, कारण अनुदान किलोवॉटवर ठरलेलं आहे.

तिसरी गोष्ट विकणारा बहुधा सांगत नाही. बॅटरी नसलेलं हे सोलर लाईन गेली की बंद पडतं, भर दुपारीसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. लोडशेडिंगवर उपाय म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर फसू नका. आणि ही योजना घरगुती मीटरची आहे, शेतातल्या पंपाच्या मीटरची नाही.

घरकुलाचंही पाहा. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात, ते नवं पक्कं घर बांधायला. जुन्याच्या डागडुजीला नाही. मग माणूस दीड हात जाडीची मातीची भिंत पाडतो, पातळ विटेची उभारतो, वर टिन टाकतो आणि उन्हाळ्यात बाजेसकट अंगणात येतो. बापजाद्यांची ती भिंत ऊन अडवत होती. वाईट होतं ते फक्त छप्पर.

आता चुलीकडे या. २०१६ पासून उज्ज्वलाचं कनेक्शन घरोघर आलं. पण सिलिंडर भरायला पैसा नसला की शेगडी फळीवर जाते आणि पऱ्हाटीचा ढीग भिंतीशी लागतो. धूर मायच्या डोळ्यांत आणि छातीत जातो, हे तुम्ही रोज पाहता. मी पिकाचा माणूस, म्हणून पिकाचं सांगतो. त्या ढिगातल्या न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी झोपून राहते. पाऊस पडला की पतंग होऊन तुमच्याच नव्या कपाशीवर येते. २०१७ चा हंगाम आठवा. चुलीचं सरपण म्हणून जे साठवलं, तेच पुढच्या पिकाच्या मुळावर येतं. स्वयंपाकघर सुधारलं तर त्याचा फायदा वावरातही होतो, तो असा. चार-पाच मोठी जनावरं आणि बारमाही पाणी असेल तर गोबरगॅसचा विचार करा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलोच्या आसपास शेण आणि तेवढंच पाणी लागतं. विहीर मार्चमध्ये आटत असेल तर अनुदान मिळतं म्हणून खड्डा खणू नका.

मग करायचं काय? क्रमानं करा.

पहिलं, नाव. ग्रामपंचायतीतून घराचा नमुना ८ काढा. तो शेतीच्या आठ-अ पेक्षा वेगळा. त्यावर कुणाचं नाव आहे पाहा. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं संमतिपत्र जोडून मीटर नावावर करा, थकबाकी असेल तर मिटवा. गावठाणाची ड्रोननं मोजणी झाली असेल तर 'स्वामित्व'ची सनद मागा. भावकीला घरी बोलावून कागद मोठ्यानं वाचून दाखवा, मग सही मागा.

दुसरं, बिनअनुदानाचं काम. टिनाला वरून चुन्याचे दोन हात द्या. खाली वीतभर जागा सोडून बांबूचे तट्टे बांधा, आढ्यापाशी गरम हवा निघायला वाट ठेवा. जुना ७५ वॉटचा पंखा दिवसाला १५ तास फिरला तर महिन्याला ३४ युनिट खातो. नवा ३० वॉटचा साडेतेरा. दोन पंख्यांत ४० युनिट वाचले. काही घरं एवढ्यानंच शंभराच्या आत येतील.

तिसरं, सोलर. सरकारी यादीतल्याच पुरवठादाराकडून, छप्पर दाखवून, लेखी दर घेऊन. ओटीपी कुणाला सांगायचा नाही.

आणि आपली मागणी : शेजारच्या तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरण केलं. महाराष्ट्रानं विदर्भातल्या जुन्या घरांच्या छपरासाठी डागडुजीचं अनुदान द्यावं. भिंत पाडायला लावू नये.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं घराचं वीजबिल आणि नमुना ८ सोबत आणावा. दोन्हींवरची नावं जुळतात का, एवढंच आधी पाहू. ज्यांची जुळत नाहीत त्यांचे अर्ज इथेच, याच टेबलावर लिहू. पहिला अर्ज माझ्या चुलतभावाच्या घराचा असेल. यावेळी तो स्वतः येणार आहे.