हातावर पोट असलेली पेशी

उपाशीपोटीची साखर तपासायला दिलेलं रक्त राखाडी बुचाच्या नळीत घेतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. त्या नळीत सोडियम फ्लोराइड असतं. ते नसेल, तर नळीतलं रक्त आपल्यातलीच साखर खात राहतं. साध्या खोलीत ठेवलं तर तासाला अंदाजे 5 ते 7 टक्के. मग सकाळी घेतलेलं रक्त दुपारी तपासलं, की साखर उगीचच कमी दिसते आणि पेशंट खूश होतो! ही साखर खाणाऱ्यांत तांबड्या पेशी संख्येनं सर्वांत जास्त. आज त्यांच्याविषयीच बोलायचं आहे.

पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं आणि ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रियाही नसतात. साऱ्या शरीराला ऑक्सिजन पोचवणारी ही पेशी स्वतः मात्र त्यातला जराही वापरू शकत नाही. तिचं पोट फक्त ग्लुकोजवर, आणि तेही हातावर. साठवण जवळजवळ काही नाही. ग्लुकोजच्या एका रेणूमागे तिच्या पदरात ऊर्जेची नाणी, म्हणजे एटीपी, निव्वळ 2 पडतात. मायटोकॉन्ड्रिया असलेल्या पेशीला तेवढ्याच ग्लुकोजमधून 30 च्या आसपास मिळतात. या तुटपुंज्या मिळकतीवर तिला सोडियम बाहेर टाकायचं, पोटॅशियम आत राखायचं आणि अंग लवचीक ठेवायचं. तिचा व्यास 7 ते 8 मायक्रॉन, आणि वाट मात्र त्याहून अरुंद केशवाहिन्यांतून. प्लीहेतल्या फटी तर आणखी बारीक. ताठरलेली पेशी तिथे अडकते आणि मोडीत निघते. असे 120 दिवस काढायचे. केंद्रक नसल्यामुळे झिजलेल्या एन्झाइमच्या जागी नवं तयार करायची सोयही नाही.

आता शरीरावर ताण आला, की ही पेशी काय करते? मुंबईहून विमानात बसून तुम्ही थेट लेहला, 3500 मीटर उंचीवर उतरलात असं धरा. आधी धाप लागते, नाडी जलद होते. पण पुढच्या एक-दोन दिवसांत तांबड्या पेशीही आपला कारभार बदलतात. ग्लुकोज फोडताना वाटेत टू-थ्री-डीपीजी नावाचा एक पदार्थ तयार होतो, त्याचं प्रमाण त्या वाढवतात. या पदार्थामुळे हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल होते आणि स्नायूंना तो सहज मिळतो. हा परिणाम 1967 साली उजेडात आला. अमेरिकेत बेनेश या संशोधक पतिपत्नींनी तो दाखवून दिला.

हीच युक्ती रक्तक्षयातही चालते. हिमोग्लोबिन 7-8 वर आलेली बाई निंदणी-खुरपणी करते, पाण्याचे हंडे आणते, ते काही अंशी या डीपीजीच्या जोरावर. ती हिंडतीफिरती आहे म्हणून तिला काही झालेलं नाही, असा हिशेब घरोघरी मांडला जातो. तो साफ चुकीचा आहे. उलट, मधुमेहात रक्त आम्लधर्मी झालं की डीपीजी घटतं. रक्तपेढीतल्या पिशवीतही दोनेक आठवड्यांत ते जवळजवळ संपतं, पण रक्त चढवल्यावर ते पुन्हा भरून निघतं.

खरी परीक्षा आजारपणात होते. जंतूंना मारायला पांढऱ्या पेशी तीव्र ऑक्सिडीकारक पदार्थ सोडतात, आणि त्यांचा मारा शेजारून जाणाऱ्या तांबड्या पेशींवरही होतो. त्यांचा बचाव करतं ग्लुटाथायोन. ते सतत ताजं करत राहावं लागतं आणि त्यासाठी ग्लुकोजचा थोडा भाग वेगळ्या वाटेनं वळवावा लागतो. या वाटेच्या तोंडाशी जे एन्झाइम बसलेलं असतं, त्याचं नाव जी-सिक्स-पीडी. काहींमध्ये ते जन्मतःच कमी असतं. एरवी त्यांना काहीच त्रास नसतो. मग न्यूमोनिया किंवा टायफॉइड होतो, नाहीतर एखादं औषध पोटात जातं, आणि पेशी पटापट फुटू लागतात. डोळे पिवळे होतात, लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते.

याचा उलगडा झाला तो शिकागोजवळच्या स्टेटव्हिल तुरुंगात. हिवतापावरच्या प्रायमाक्विनच्या चाचण्या तिथे कैद्यांवर चालत. आजच्या नीतिनियमांत ते बसलं नसतं, हेही सांगायला हवं. काही कृष्णवर्णीय कैद्यांचं रक्त औषधानं झपाट्यानं कमी होई. चमत्कारिक गोष्ट अशी, की औषध तसंच चालू ठेवलं तरी थोड्या दिवसांनी ते आपोआप सावरू लागे. म्हाताऱ्या पेशींतलं एन्झाइम संपत आलेलं असतं, म्हणून त्या आधी जातात. अस्थिमज्जेतून आलेल्या कोवळ्या पेशींत ते थोडं जास्त असतं, त्या तग धरतात. नेमकं कोणतं एन्झाइम कमी आहे, ते 1956 साली सापडलं. अर्थात ही सवलत सर्वांना नाही. या दोषाच्या काही प्रकारांत कोवळ्या पेशीही टिकत नाहीत.

आपल्याकडे पारशी समाजात आणि अनेक आदिवासी जमातींत हा दोष आढळतो. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून तो आईकडून मुलाकडे येतो आणि त्रास मुख्यतः पुरुषांना होतो. व्हायव्हॅक्स हिवतापावर प्रायमाक्विनचा 14 दिवसांचा कोर्स देतात. ज्या भागात हिवताप आहे तिथे जी-सिक्स-पीडीची तपासणी हाताशी असायलाच हवी. डॅप्सोन आणि नायट्रोफ्युरँटॉइनही जपून द्यावी लागतात. साध्या तापावरचं पॅरासिटामॉल नेहमीच्या मात्रेत चालतं, उगीच धास्ती नको. ज्या शेंगांची भीती या लोकांना घातली जाते तो बाकला. आपला वाल-पावटा वेगळा.

तपासणीत एक मेख आहे. पेशी फुटत असतानाच जी-सिक्स-पीडी तपासलं, तर दोषी म्हाताऱ्या पेशी आधीच गेलेल्या असतात, उरलेल्या कोवळ्या पेशी चांगलं एन्झाइम दाखवतात, आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. डॉक्टरांना विचारून तीनेक महिन्यांनी पुन्हा तपासून घ्या.

आणि घरात बाळ यायचं असेल, तर ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवलेली जुनी झबली-दुपटी तशीच त्याच्या अंगावर घालू नका. त्या गोळ्यांतलं नॅफ्थलीन हा दोष असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी फोडतं आणि कावीळ मेंदूला इजा करण्याइतकी वाढू शकते. नुसतं उन्हात टाकून भागत नाही. कपडे नीट धुऊन वाळवा, आणि त्या गोळ्या बाळाच्या खोलीत ठेवूच नका.