गोल बाजार आणि कामगारांचे डोळे
(रायपूर येथील कामगार बैठकीत केलेले भाषण)



गोल बाजारात कापड मोजणारा, मशीनवर बसलेला शिंपी, शेजारच्या सदर बाजारात दागिने घडवणारा कारागीर, या सर्वांची भाकरी डोळ्यांवर चालते. चाळिशी उलटली की जवळचे धूसर दिसू लागते. मग आपण काय करतो? हातगाडीवरून तयार चष्मा उचलतो आणि मालक ओरडण्याआधी कामावर परततो.

आमच्या एका शिंपी सोबत्याने असे तीन चष्मे बदलले. अखेर एका ऑप्टोमेट्रिस्टने नंबर काढताना डोळ्यातील दाबही मोजला आणि त्याला तडक नेत्रतज्ज्ञाकडे धाडले. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत आली नाही. उरलेली औषधाने टिकली आहे.

ऑप्टोमेट्रिस्ट शस्त्रक्रिया करीत नाही. पण तो नुसता चष्मेविक्याही नव्हे. नंबर काढणे, दाब व पडदा पाहणे, मधुमेहाची खूण दिसताच पुढे पाठवणे, याचे त्याने शिक्षण घेतलेले असते. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या पेशाला आरोग्यसेवेत स्थान दिले.

१९४८ च्या कारखाना कायद्यात, कलम ३५ अन्वये, उडणारे कण आणि प्रखर प्रकाश यांपासून संरक्षणासाठी गॉगल होते. नंबरच्या चष्म्याचे त्यात काही नव्हते, आणि दुकाने तर त्याबाहेरच! म्हणून आमची मागणी आहे : वर्षातून एकदा भरपगारी वेळेत तपासणी, आणि कामाचा चष्मा मालकाच्या खर्चाने. नगावर काम करणाऱ्याचा त्या दिवशीचा रोजही बुडता कामा नये.

नावे आजच नोंदवा. घरात कुणाला काचबिंदू असेल, त्यांनी आधी.